शीर काढली एका पायाची, बधिर झाले दोन्ही तळवे

पत्राचा सारांश: लिहिणाऱ्या ताई ४१ वर्षांच्या. माहेर सांगली जिल्ह्यातलं, नोकरी पुण्यात. वडिलांची, म्हणजे आबांची, अडीच वर्षांपूर्वी बायपास झाली. त्यासाठी डाव्या पायातली शीर काढली आणि तेव्हापासून त्या पायाच्या नडगीची आतली बाजू बधिर आहे. ‘शीर काढल्यावर असं होतं, हळूहळू कमी होईल,’ असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. गेल्या वर्षभरात मात्र आबांना दोन्ही तळव्यांना ‘गादीवरनं चालल्यागत’ वाटतं. पायातली चप्पल निसटलेली कळत नाही. दिवाळीत फरशीवर रक्ताचे ठसे दिसले, तेव्हा टाचेत काच घुसल्याचं घरच्यांनी पाहिलं. आबांना पत्ताच नव्हता. मधुमेह आहे, गोळ्यांमध्ये खंड पडतो. रात्रीची लाईट असली की उसाला दारं धरायला अनवाणीच रानात जातात. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणतात, ‘शीर काढलीय, बधिर राहणारच. दुखतंय का काही? मग झालं.’ भाऊ म्हणतो, खोटं सांगून नेऊ. आई म्हणते, एवढ्या मोठ्या ऑपरेशनातून उठलेत, आता त्यांच्या मनासारखं जगू द्या. ताई विचारतात, ‘त्यांच्या मनाविरुद्ध जाणं योग्य आहे का, की लांब राहून मीच उगाच घाबरते आहे?’ ताजा कलम असा की त्यांच्या स्वतःच्या उजव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढ्या जागेत जळजळ होते. ‘मलाही तेच सुरू झालं का?’

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातला एकच शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. शीर. आपण इंजेक्शन शिरेत घेतो, म्हणजे रक्तवाहिनीत. आणि कंबर धरली की ‘शीर दबली’ म्हणतो, तेव्हा मनात असतो मज्जातंतू. ‘नस’ या शब्दाचंही तेच. दोन वेगळ्या वस्तू आणि बोलण्यात शब्द एक. शरीररचना शिकवण्यात माझी पंचवीस वर्षं गेली, आणि या एका शब्दाने घराघरात झालेले घोटाळे मी पाहिलेत. तुमच्या घरातही तेच झालंय, असं मला वाटतं. डॉक्टर बोलले रक्तवाहिनीबद्दल. आबांनी ऐकलं ते असं की पायाला जाणीव देणारी शीरच काढून नेली, मग पाय बधिर राहणार यात नवल ते काय.

म्हणून आधी तुमच्या पत्रातलं एक गृहीत बाजूला ठेवू. आबा हट्टी आहेत असं तुम्ही चारदा लिहिलंय. मला तसं दिसत नाही. त्यांच्याजवळ एक कारण आहे, तेही ज्यांनी जीव वाचवला त्या डॉक्टरांनी दिलेलं. तुम्ही त्यांच्या स्वभावाशी भांडताय; खरं तर ते कारण तेवढं तपासून पाहायला हवं.

बायपाससाठी पायातून जी शीर घेतात ती कातडीखालची लांब नीला, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणारी रक्तवाहिनी. पावलाच्या आतल्या कडेने निघते, आतल्या घोट्याच्या पुढून चढते आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूने थेट जांघेपर्यंत जाते. तिच्याविना पायाचं भागतं, कारण खोलवर दुसऱ्या नीला असतात. पण गुडघ्याच्या खाली तिला अगदी चिकटून एक मज्जातंतू चालतो, सॅफेनस नावाचा. नीला सोडवताना तो ताणला जातो, कधी तुटतोही. ऑपरेशन चांगलं झालं तरी हे होतं. हा मज्जातंतू एकही स्नायू हलवत नाही, त्याचं काम फक्त कातडीची जाणीव. म्हणून आबांच्या डाव्या नडगीची आतली बाजू बधिर झाली. डॉक्टरांनी सांगितलेलं शंभर टक्के खरं होतं.

पण ते किती जागेपुरतं खरं? आबा शेतकरी आहेत, त्यांना गटाचा नकाशा समजतो. कातडीचंही तसंच आहे. प्रत्येक मज्जातंतूचा गट ठरलेला. सॅफेनसचा गट गुडघ्याच्या आतल्या बाजूला सुरू होतो, नडगीच्या आतल्या अंगाने उतरतो, आतला घोटा घेतो आणि पावलाच्या आतल्या कडेने फार तर अंगठ्याच्या मुळापर्यंत जाऊन थांबतो. पुष्कळांच्यात तर घोट्यापाशीच संपतो. तळवा त्याच्या नावावर नाही. आणि उजव्या पायाला तर कुणी हातही लावलेला नाही!

तळव्याचा मालक वेगळा आहे. कंबरेतून निघालेला जाड मज्जातंतू, ज्याच्या दुखण्याला आपण सायटिका म्हणतो, मांडीच्या मागून उतरतो. त्याची टिबियल ही शाखा पोटरीतून आतल्या घोट्याच्या मागे येते आणि तिथून पावलात शिरते. तिची एक फांदी टाचेला जाते. उरलेल्या तळव्याचे दोन वाटे होतात: अंगठ्याकडून साडेतीन बोटं आणि त्यांच्याखालचा भाग एका फांदीकडे, करंगळीकडची दीड बोटं दुसरीकडे. सॅफेनस मांडीच्या पुढच्या अंगाने येतो, हा मागच्या अंगाने. दोघांची वाट कुठेच एक होत नाही. म्हणजे आबांच्या तळव्याचं बधिरपण बायपासच्या हिशेबात बसत नाही.

उरलेलाही नकाशा सांगते, कारण असंच ‘बधिर’ म्हणून लिहिणारी पत्रं माझ्याकडे बरीच येतात. पावलाची वरची बाजू आणि नडगीच्या खालच्या भागाची पुढची-बाहेरची बाजू वरवरच्या पेरोनियल मज्जातंतूची. बारीक अंगाच्या माणसाने पाऊल आत वळवलं तर घोट्यापुढे कातडीखाली ताणलेल्या दोऱ्यासारखा तो कधीकधी नजरेला पडतो. त्याचाच भाऊ, खोलवरचा पेरोनियल, याच्या वाट्याला कातडी किती आली? अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधली बेचकी, हवाई चपलेचा पट्टा रुततो तेवढीच. पावलाची बाहेरची कड आणि करंगळीची बाजू सुरल नावाच्या मज्जातंतूची. कुठे तरी मज्जातंतूचा तुकडा जोडायचा असला तर शल्यविशारद हाच काढून वापरतात, कारण त्याच्यावाचून माणसाचं फारसं अडत नाही.

एक गोष्ट मात्र शेतातल्यापेक्षा वेगळी. इथले बांध पक्के नसतात, शेजारी एकमेकांच्या हद्दीत थोडे शिरलेले असतात. १९०३ साली लंडनच्या डॉ. हेन्री हेड यांनी जाणिवेचा अभ्यास करायला स्वतःच्या हाताचा कातडीकडे जाणारा मज्जातंतू मुद्दाम कापून घेतला, आणि डॉ. रिव्हर्स या मित्राबरोबर पुढची चार वर्षं काय परत येतं, कसं येतं याची नोंद ठेवली. स्वतःच्या अंगावर एवढं करून घेणाऱ्या माणसाविषयी मला फार आदर वाटतो. या सरमिसळीमुळेच ऑपरेशननंतरचा बधिर पट्टा कडेकडेने आकसत जातो. आबांच्या नडगीवरचा पट्टाही आता पहिल्याएवढा नसावा, विचारून बघा. आणि हेच तुमच्या मुद्द्याचं आहे: ऑपरेशनचं बधिरपण काळाने कमी होतं किंवा आहे तेवढंच राहतं. आबांचं वाढत गेलंय, तेही न कापलेल्या पायात.

मग ते कशाचं? पत्रावरून निदान करणं बरोबर नाही, पण पहिला संशय कशावर घ्यायचा हे सांगता येतं. दोन्ही पाय, बोटांपासून सुरुवात, मोज्यासारखं वर चढत जाणारं बधिरपण, आणि जोडीला मधुमेह. मज्जातंतूचा मूळ पेशीभाग कंबरेपाशी आणि त्याचं टोक पायाच्या बोटात. मीटरभर लांबीचा हा धागा, त्याला लागणारं सगळं वरूनच पोचवावं लागतं. कालव्याच्या टेलला असलेल्या रानाला पाणी कसं सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत कमी मिळतं, तसं. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की आधी टेल वाळतं. घाम आणणारे बारीक तंतूही त्यातच जातात, म्हणून तळवे कोरडे पडतात, टाचांना भेगा जातात. आबांच्या टाचा कशा आहेत हे तुम्ही लिहिलं नाहीत. बघा.

दुसरा संशय बी-१२ या जीवनसत्त्वावर. आबा माळकरी आहेत, मांस-मासे खात नाहीत. साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू असेल, आणि ते बहुतेकांना चालू असतंच, तर त्यानेही बी-१२ कमी होतं. रक्ताच्या साध्या तपासणीत कळतं आणि वेळेवर भरून काढलं तर पाय सुधारू शकतात. मधुमेहाने गेलेली जाणीव बहुधा पुरती परत येत नाही. साखर ताब्यात ठेवून पुढचं नुकसान मात्र थोपवता येतं. आबांना खोटी आशा दाखवू नका, हेच सांगा.

आता ‘दुखतंय का काही?’ या प्रश्नाकडे येते. मला सगळ्यांत जास्त काळजी याचीच वाटली. वेल्लोरमध्ये डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर बरीच वर्षं काम केलं. रोग बोटं खातो असं तेव्हा सगळे धरून चालले होते. त्यांनी दाखवून दिलं की बोटं जातात ती न कळलेल्या जखमांनी, चटक्यांनी, त्याच जागेवर पुन्हा पुन्हा दिलेल्या भाराने. तुम्हीआम्ही तासभर चाललो की नकळत लंगडतो, भार बदलतो, खडा काढायला थांबतो. हे सगळं दुखणं करून घेतं. आबा टाचेतल्या काचेवर चालत राहिले कारण थांबवणारं कुणी उरलेलं नाही. ‘दुखत नाही’ हीच त्यांची तक्रार आहे, फक्त ते ती तक्रार म्हणून सांगत नाहीत.

म्हणून, ताई, तुम्ही उगाच घाबरत नाही आहात. आणि आई चुकीचं बोलतात असंही नाही. मनासारखं जगणं म्हणजे आबांसाठी रानात जाणं असेल, तर त्यासाठी पाय लागणार. जखम चिघळून पायाचं बोट गेलं तर रान आधी सुटेल. आईंशी याच बाजूने बोला.

खोटं सांगून नेण्याला माझा विरोध आहे, आणि तो नीतीपेक्षाही व्यवहाराचा. एकदा दवाखान्यात नेऊन हे काम संपत नाही. रोज रात्री पाय बघायचेत, ते बघणार आबा किंवा आई, तुम्ही पुण्यात. फसवलं गेल्याची भावना घेऊन कुणी रोज पाय दाखवत नाही. शिवाय खोट्याची गरजच नाही. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या चोंदल्या त्याच्या पायाच्या रक्तवाहिन्याही तपासायला हव्यात, हे खरंच आहे. ‘आबा, बायपास झालेल्या माणसाने पायाचे ठोके बघून घ्यायचे असतात’ एवढं सरळ म्हणा.

त्याआधी घरीच एक करा. या शनिवारी गावी गेलात की आबांना खाटेवर पाय पसरून बसवा, डोळे मिटायला सांगा. कापसाचा बोळा घ्या. डाव्या नडगीवर बधिर भागातून सुरुवात करून बाहेर सरका आणि ‘आता कळलं’ म्हणतील तिथे बॉलपेनने खूण करा. चारही बाजूंनी केलंत की हद्द निघेल. मग दोन्ही पावलांना तसंच करा. हे झाल्यावर आबांना डोळे उघडून बघू द्या. शिरेचा गट कुठे संपतो आणि तळव्याचा कुठे सुरू होतो, हे त्यांना स्वतःच्या पायावर दिसेल. मी सांगितलेलं किंवा तुम्ही फोनवर समजावलेलं त्यापुढे काहीच नाही. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, डॉक्टरांनाही कामी येईल.

आणखी एक तपासणी नातवालाही जमेल. डोळे मिटलेल्या आबांच्या दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला बोटाचं टोक हलकेच टेकवायचं, एक-दोन सेकंद. दाबायचं नाही, घासायचं नाही, न कळल्यास पुन्हा लावायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त स्पर्श चुकले तर जाणीव कमी झालीय असं धरा आणि त्याच आठवड्यात दाखवा.

दवाखान्यात पायमोजे काढून तळवे बघितल्याशिवाय उठू नका. १० ग्रॅमच्या नायलॉनच्या तंतूने तळव्याची तपासणी, १२८ हर्ट्झच्या कंपनकाट्याने कंप कळतो का, घोट्यामागचा आणि पावलावरचा ठोका, तीन महिन्यांची सरासरी साखर, बी-१२ आणि मूत्रपिंडाची तपासणी, एवढं करून मागा. तालुक्याला हे बहुतेक होतं, त्यासाठी आबांना पुण्याला हलवायची गरज नाही. मनाने गोळी वाढवणं किंवा बंद करणं मात्र नको.

रानाचं काय? अनवाणी जाणं थांबलंच पाहिजे, यात मी तडजोड सुचवणार नाही. काळ्या आईवर चप्पल घालून पाय ठेवायचा नाही ही त्यांची भावना असेल, तर बांधावर वाकून नमस्कार करून मग बूट घालता येतात. माझ्या माहितीतल्या एका शेतकऱ्याने असाच मार्ग काढला. ऊस तुटून गेल्यावरचे बुडखे आणि बाभळीचा काटा पातळ चपलेतूनही वर येतो. ओल्या रानासाठी मऊ अस्तराचे गमबूट, आत सुती मोजे. मोजे पांढरे घ्या, म्हणजे रक्ताचा डाग दिसेल. घालण्याआधी बूट उलटा करून झटकायचा आणि आत हात फिरवायचा, प्रत्येक वेळी. माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. एरवी चालायला एमसीआर, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराच्या, मागे पट्टा असलेल्या चपला घ्या. मागचा पट्टा महत्त्वाचा, कारण निसटलेली चप्पल त्यांना कळत नाही. घरातही त्या वापरायच्या.

रात्री रानातून आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, तेल टाचेला लावायचं, बेचकीत नाही. तळवा आईंनी बघायचा, नाहीतर जमिनीवर आरसा ठेवून आबांनी. पाय गार पडतात म्हणून चुलीतली तापलेली वीट किंवा गरम पाण्याची पिशवी लावायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. ती बंद. आंघोळीच्या पाण्याचं ऊन पायाने नाही, कोपराने किंवा आईंच्या हाताने बघायचं. कुरूप ब्लेडने कापायचं नाही, त्यावर औषधाची पट्टीही लावायची नाही. छोटी का असेना, जखम किंवा फोड दिसला की दुसऱ्या दिवशी डॉक्टर. एक पाय लाल, गरम, सुजलेला झाला आणि दुखत नसला तरी त्याच दिवशी, कारण आतली हाडं मोडत असू शकतात.

इतर वाचकांसाठी थोडं. एकाच पायात कंबरेपासून कळ येत असेल आणि अंगठा व पावलाची वरची बाजू, किंवा करंगळी व बाहेरची कड बधिर असेल, तर मूळ बहुधा मणक्यात. भांगलायला तासन्‌तास उकिडवं बसणाऱ्यांच्या गुडघ्याच्या बाहेरच्या हाडामागे पेरोनियल दबतो; नडगीची बाहेरची बाजू बधिर होते आणि पाऊल वर उचलत नाही, चपलेचा पुढचा भाग घासतो. असं झालं तर वाट बघू नका. कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि नेमक्या त्याच जागी स्पर्श कळत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. कुष्ठरोग असला तरी औषध फुकट मिळतं आणि तो पूर्ण बरा होतो. लपवण्यात फक्त मज्जातंतू जातात. आणि सायकलच्या सीटला टेकते ती जागा बधिर होऊन लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर रात्र असली तरी मोठं रुग्णालय गाठा.

राहिली तुमची मांडी. मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या कातडीला एक वेगळाच मज्जातंतू जातो. तो कंबरेच्या पुढच्या हाडाच्या टोकाजवळून, जांघेच्या पट्ट्याखालून बाहेर पडतो आणि तिथे सहज दबतो. परकराची करकचून बांधलेली नाडी, घट्ट जीन्स, पट्टा, वाढलेलं पोट, गरोदरपण, कारणं बहुतेक अशीच. त्यालाही स्नायू नाहीत, त्यामुळे पायातली ताकद जात नाही. आबांचा आजार बोटांपासून वर चढतो, तो असा एका मांडीवर तळहाताएवढा येऊन बसत नाही. नाडी सैल करा, कंबरेवर दाब येणारे कपडे दीड-दोन महिने टाळा. गुडघा सरळ करताना पाय लुळा वाटला, बधिरपण मांडीच्या पुढे किंवा गुडघ्याखाली गेलं, किंवा कंबर दुखू लागली, तर दाखवून घ्या. आबांच्या साखरेकडे बघता तुमची साखर मात्र याच महिन्यात तपासा, शक्यतो आबांच्याच दिवशी, त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसून.